अंबड-सातपूरच्या कारखानदारांना खुलं पत्र: हाताला कळेल असा कच्चा नमुना इथेच बनू द्या

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद,
निमा आणि आयमा (कारखानदारांच्या संघटना), नाशिक

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. नाशिकमध्ये डिझाइन आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना स्पर्श-प्रतिसाद देणारी साधी यंत्रं स्वतः बनवता यावीत, यासाठी तुमच्याकडून एक टेबल, थोडं वाइंडिंग, थोडं लेथकाम आणि एक परवानगी हवी आहे. या यंत्रांना आमच्या क्षेत्रात हॅप्टिक उपकरणं म्हणतात. परवानगी कशाची, ते पुढे सांगतो. पैसे मागत नाही. देणगीच्या पत्रांचा गठ्ठा तुमच्या कार्यालयात आधीच असेल.

मी इंटरॅक्शन डिझायनर आहे. यंत्र चालवणाऱ्या माणसाला काय दिसावं, काय ऐकू यावं, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवण्याचं काम करतो. जमेल तसं शिकवतोही. या धंद्यात एक गोष्ट कायम खटकत आली आहे. पडद्यावर काय दिसणार याचे दहा-वीस कच्चे नमुने आम्ही एका दिवसात उभे करतो, पण नॉब फिरवताना हाताला काय कळणार याचा एकही नमुना आमच्याकडे नसतो. ते ठरतं अगदी शेवटी, टूलरूममध्ये, स्प्रिंग आणि छर्रा बसवताना. तोवर मोल्डचे पैसे देऊन झालेले असतात. एका पॅनलच्या बैठकीत ग्राहक म्हणाले, "नॉब जरा भारदस्त वाटला पाहिजे." आता भारदस्त म्हणजे किती? खाचा खोल हव्यात, की लांब-लांब हव्यात? आधी अडून मग पटकन सुटणारा हवा, की शेवटपर्यंत सारखाच जड? टेबलाभोवती बसलेल्या कोणाकडेच दाखवायला काही नव्हतं. सगळे हवेत बोटं फिरवत होते. शेवटी कॅटलॉगमधला त्यातल्या त्यात महाग नॉब निवडला गेला.

हे पत्र पुण्या-मुंबईकडे न पाठवता तुम्हाला लिहितोय, कारण नाशिक हाताने चालवायच्या वस्तू बनवतं. स्विचगिअर, कंट्रोल पॅनल, गाड्या, गाड्यांचे सुटे भाग. एमसीबीचा, म्हणजे घरच्या वीजफलकातल्या ब्रेकरचा, खटकाच घ्या. तो अर्ध्यात थांबत नाही. ठरावीक बिंदूपलीकडे गेला की स्प्रिंगच त्याला पुढे ओढून नेते. संपर्क झटकन जुळावेत आणि झटकन सुटावेत, ठिणगी रेंगाळू नये, म्हणून ती रचना असते. पण त्याच रचनेमुळे अंधारातसुद्धा हाताला कळतं की खटका बसला. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे. आपल्या नोटांवर अंध व्यक्तींसाठी उठावाच्या खुणा असतात: शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. बोटाला काय कळावं याचा विचार करून छापायची परंपरा असलेल्या गावात डिझाइनची मुलं मात्र चार वर्षं काचेवर बोट घासत बसतात, हे मला पटत नाही.

आता यंत्राविषयी. तुमच्यासाठी त्यात नवं फारसं नाही. एक मोटर, तिच्या शाफ्टवर नॉब किंवा दांडी, शाफ्ट किती फिरला हे सांगणारा सेन्सर, मोटरला करंट देणारा ड्रायव्हर आणि हिशेब करणारा मायक्रोकंट्रोलर. तुम्ही नॉब फिरवता, सेन्सर कोन कळवतो, या कोनाला हाताला किती विरोध व्हायला हवा हे प्रोग्राम ठरवतो आणि तेवढाच करंट मोटरकडे जातो. प्रोग्राममधले आकडे बदलले की बारा खाचांचा नॉब चोवीस खाचांचा होतो, मधाच्या बरणीतल्या चमच्यासारखा जड होतो किंवा दोन्ही टोकांना भिंत असल्यासारखा अडतो. लोखंड तेच राहतं. "भारदस्त" म्हणणाऱ्या त्या ग्राहकांच्या हातात असा नॉब दिला असता, तर दहा मिनिटांत प्रश्न सुटला असता.

खरी मेख वेगात आहे. मोबाइलचा साधा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो आणि डोळ्यांना ती सलग वाटतात. बोट इतक्यावर फसत नाही. त्वचेच्या खोल थरात पॅसिनियन नावाची, स्पर्श टिपणारी मज्जातंतूंची टोकं असतात आणि सेकंदाला अडीचशेच्या आसपास होणाऱ्या कंपनांना ती सगळ्यात जास्त संवेदनशील असतात. म्हणून कोन मोजा, हिशेब करा, करंट द्या हा फेरा सेकंदाला साधारण १००० वेळा व्हावा असा या क्षेत्रातला रिवाज आहे. फेरा मंद झाला तर काय होतं, हे प्रत्यक्ष हाताने अनुभवण्यासारखं आहे. समजा प्रोग्रामने एक आभासी भिंत उभी केली: नॉब जितका आत घुसेल तितक्या जोराने त्याला मागे ढकलायचं. नॉब परत फिरला तरी कंट्रोलरकडे क्षणभर आधीचा, म्हणजे जास्त खोलीचा आकडा असतो. त्यामुळे आत जाताना हाताने जेवढी ऊर्जा दिली, त्यापेक्षा थोडी जास्तच भिंत परत करते. हा जादाचा हिस्सा प्रत्येक फेऱ्यात साठत जातो आणि भिंत हातात थरथरायला लागते. उपाय म्हणाल तर फेरा जलद करा, सेन्सर बारीक मोजणारा घ्या, नाहीतर भिंत जरा मऊ करा. यंत्रात थोडं घर्षण असेल तर तेही ही जादा ऊर्जा खाऊन टाकतं. मात्र घर्षण वाढलं की हलक्या खाचा जाणवेनाशा होतात. हा तोल बेअरिंगच्या फिटवर अवलंबून असतो आणि फिट ही गोष्ट कॉलेजच्या प्रयोगशाळेपेक्षा तुमच्या फिटरला जास्त कळते.

दांडीच्या यंत्रात जोर वाढवायला मोटरला गिअर लावले तर बॅकलॅश येतो; दात एकमेकांना भिडेपर्यंतची ती पोकळ हालचाल हाताला लगेच कळते. म्हणून चांगल्या उपकरणांत पातळ वायररोप लहान पुलीभोवती गुंडाळून मोठा अर्धगोल फिरवतात. त्याला कॅप्स्टन ड्राइव्ह म्हणतात. हिशेब सोपा आहे. मोटरने २० मिलिन्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दिला आणि दोन व्यासांचं प्रमाण १ ला १२ असेल, तर दांडीला २४० मिळतात. दांडी ८ सेंटीमीटर लांब असेल तर टोकाला ३ न्यूटन, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम वजनाइतका जोर. बोटाला भिंत वाटायला एवढा पुरतो. फक्त मोटर अडवून धरली की तिला दिलेली सगळी वीज उष्णतेत जाते, आणि करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. मुलं जोशात आकडे वाढवतात आणि वार्निशचा वास येतो. तो वास तुमच्याकडे कोणालाही ओळखू येईल.

हे सगळं जगात झालेलं आहे, मी काही शोध लावलेला नाही. एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात फँटम नावाचं उपकरण बनवलं. पेनासारखी दांडी धरून संगणकातली वस्तू चाचपता यायची. (हेच मॅसी पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. माणूस कुठून कुठे जातो!) त्या वंशातली उपकरणं आजही लाखाच्या घरात जातात आणि प्रयोगशाळेबाहेर क्वचितच दिसतात. दुसऱ्या बाजूला स्टॅनफर्डने विद्यार्थ्यांसाठी एकाच दिशेत हलणारं हॅप्टिक पॅडल काढलं. त्यातून पुढे ॲलिसन ओकामुरा यांच्या गटाचं हॅपकिट आलं, थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारं, आराखडे सगळ्यांना खुले. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात योनास फॉरसलुंड यांनी लेझरने कापलेल्या प्लायवूडचं वुडनहॅप्टिक्स केलं, मुद्दाम डिझायनरांना उघडून बदलता यावं म्हणून. २०२२ मध्ये स्कॉट बेझेक यांनी स्मार्टनॉब खुला केला. त्यात ब्रशलेस मोटर आणि चुंबकीय सेन्सर वापरून प्रोग्रामने खाचा तयार होतात. अशा मोटरी चालवायला सिंपलएफओसी ही खुली लायब्ररी आहे. आणि ज्या आर्डुइनो बोर्डवर आपल्याकडच्या डिप्लोमाच्या मुलांचेही प्रोजेक्ट चालतात, तो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावा, एवढाच त्यामागे हेतू होता. इव्रेया म्हणजे ऑलिवेत्ती टाइपरायटरचं गाव. तिथे कारखान्याच्या सावलीत डिझाइनची शाळा निघाली आणि शाळेतून तो बोर्ड आला. नाशिकला यातून काही सुचावं असं मला वाटतं.

मग तयार आराखडे उतरवून घ्या आणि बनवा की, असं तुम्ही म्हणाल. आम्ही तेच करायला जातो आणि मोटरशी अडतो. खुल्या आराखड्यातली मोटर ठरावीक असते. ती परदेशातल्या एखाद्या दुकानातून येते, कधी शिलकी मालातली असते, आणि संपली की संपली. जवळपासची दुसरी घेतली तर शाफ्टचा व्यास वेगळा, भोकं वेगळी. मुख्य म्हणजे नॉब हाताने फिरवताना चुंबकांचे स्वतःचे झटके जाणवतात, त्याला कॉगिंग म्हणतात. ते झटके आधीच असतील तर त्यावर आपल्या खाचा कशा उमटणार? कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या गिंबलच्या मोटरी या कामाला चालतात, कारण त्या सावकाश फिरण्यासाठी बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांनी भरलेल्या असतात आणि थोड्या करंटवर जोर देतात.

बारीक तारेचे पुष्कळ वेढे. हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या जिल्ह्यातली रिवाइंडिंगची दुकानं आली. द्राक्षबागेचा पंप जळला की दुसऱ्या दिवशी पाणी सुरू व्हायलाच हवं, या धाकाने तयार झालेले कारागीर सिन्नरपासून पिंपळगावपर्यंत बसलेले आहेत. ड्रोनची स्वस्त मोटर घेऊन तिची जाड तार काढायची आणि बारीक गेजची जास्त वेढे देऊन भरायची, हे त्यांच्यासाठी नवं तंत्र नाही, फक्त आकार लहान आहे. चुंबकांचे झटके याने जाणार नाहीत, ते दात आणि चुंबकांच्या रचनेवर ठरतात. पण झटके मुळातच कमी असलेली मोटर निवडून ती आपल्या व्होल्टेजला जुळवून घेता येईल. कोणत्या मोटरला किती वेढे, कोणतं गेज, किती ओहम, किती टॉर्क आणि किती मिनिटांत किती तापते, असा तक्ता करून जाहीर केला तर मुंबईतल्याच नाही, नैरोबीतल्या मुलालाही तो उपयोगी पडेल. माझ्या माहितीत तरी मराठीत असा तक्ता नाही.

खर्चाचं म्हणाल तर ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, शाफ्टच्या एका फेऱ्याचे ४०९६ भाग मोजणारा एएस५६०० सेन्सर, ड्रायव्हर आणि मोटर असं सगळं किरकोळ भावाने घेतलं, तरी माझ्या हिशेबाने एक नॉब दोन-तीन हजारांत बसतो. तीस जणांच्या वर्गाला दहा नॉब पुरतात. अडचण पैशाची कमी आणि जुळणीची जास्त आहे: थ्रीडी प्रिंटरवर छापलेला हब, म्हणजे नॉब आणि शाफ्ट जोडणारा भाग, शाफ्टवर सैल बसतो, सेन्सरचं चुंबक केंद्रापासून जरा सरकतं आणि मग नॉबच्या एका बाजूच्या खाचा दाट, दुसऱ्या बाजूच्या विरळ होतात. लेथवर ॲल्युमिनियमचा एक हब नीट वळून मिळाला की हे संपतं. तुमच्याकडे ते पंधरा मिनिटांचं काम आहे.

इथे माझ्याच जातभाईंशी माझं भांडण आहे, तेही सांगतो. डिझाइनच्या वर्गात हॅप्टिक म्हटलं की मोबाइलची थरथरणारी छोटी मोटर टेपने चिकटवतात आणि विषय संपवतात. थरथर ही सूचना झाली. ती हाताला अडवत नाही, ढकलत नाही. आपला हात थांबवणारा, परत आणणारा जोर वेगळा, आणि यंत्र चालवणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तोच लागतो.

आता तुमची शंका. "सगळं खुलं केलं तर आमचं काय?" रास्त प्रश्न आहे. यात दोन वस्तू वेगळ्या आहेत. नमुना बनवायचं यंत्र ही एक, आणि त्या यंत्रावर तुम्ही शोधून काढलेली तुमच्या स्विचची जाणीव ही दुसरी. ही जाणीव म्हणजे शेवटी कोन आणि टॉर्क यांचा आलेख असतो. तो तुमचा, तो तिजोरीत ठेवा. यंत्र मात्र खुलं राहू द्या, म्हणजे ते दहा ठिकाणी सुधारत जाईल. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर लायसन्सची दुसरी आवृत्ती २०२० पासून आहे आणि तिच्यात तीन प्रकार आहेत. मला त्यातला मधला पसंत आहे: आमच्या नॉबचा बोर्ड तुमच्या मालात वापरा, विका, त्याच्या भोवतालचं तुमचं काम दाखवायची सक्ती नाही; पण बोर्डातच बदल करून तो बाजारात आणला, तर ते बदल मात्र सगळ्यांना द्या. यामुळे पेटंटची कटकट मिटते असं मी म्हणणार नाही. इमर्शन या अमेरिकी कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या भांडणाच्या काळात, २००६ मध्ये, सोनीचा प्लेस्टेशन ३ न थरथरणाऱ्या कंट्रोलरसह बाजारात आला होता. समझोता झाल्यावर थरथर परत आली. मालात हे तंत्र घालायच्या वेळी वकिलाला विचाराच. वर्गातल्या टेबलावर शिकण्यासाठी बनवलेला नॉब ही वेगळी गोष्ट.

आणि ही फक्त मुलांची हौस नाही. २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाची जॉन मॅकेन ही युद्धनौका आणि एक टँकर यांची सिंगापूरजवळ टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत जे दोष निघाले त्यांत सुकाणू आणि इंजिनाचा जोर टचस्क्रीनवर दिला होता, हाही होता. नंतर नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांसाठी खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं आहे. म्हणजे बटणं परत येत आहेत. ती कशी लागावीत हे जो लवकर ठरवू शकेल त्याला काम मिळेल, आणि बटणं बनवणारे तुम्ही आहात.

२०२७ चा सिंहस्थही आहेच. शहरात जागोजागी माहितीचे पडदे लागतील. रामकुंडातून वर आलेल्या माणसाची बोटं ओली असणार आणि आजचे टचस्क्रीन ओल्या बोटांना नीट ओळखत नाहीत, हे पावसात मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे एक मोठा नॉब हवा: फिरवला की प्रत्येक घाटाला एक खाच, शेवटच्याला भिंत, दाबला की रस्ता सांगणारा आवाज. डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही चालेल आणि चष्मा गर्दीत हरवलेल्या आजोबांनाही. हा नॉब कसा लागावा हे ठरवायला आत्ता सुरुवात केली तर वेळ आहे.

तर मागण्या तपशिलात सांगतो. एखाद्या सभासदाच्या शेडमध्ये साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुलांना बसता येईल असं एक टेबल, शेजारी एक लेथ आणि ती चालवणारा जाणता माणूस. त्या माणसाचा त्या दिवसाचा ओव्हरटाइम भरण्याची व्यवस्था आम्ही करू. मोटरी भरण्यासाठी एका वाइंडरचा वेळ. आणि ती परवानगी: या टेबलावर जे भाग तुमच्या माणसांच्या हातून बनतील त्यांची ड्रॉइंग, टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालेल त्या आकड्यांसकट), खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करू द्या आणि त्यावर बनवणाऱ्या कारागिराचं नाव, त्याची हरकत नसेल तर, छापू द्या. ड्रॉइंगवर डिझायनरचं नाव असतं, टर्नरचं कधीच नसतं.

उद्घाटन, फीत, सेंटर ऑफ एक्सलन्सची पाटी यांतलं काही नको. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी (सगळ्यांना वस्तू बनवता याव्यात अशा कार्यशाळांपैकी) एक सुरू झाली, तीही गावातल्या मुलांच्या कामाच्या गरजेतून. अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, त्यातले काही प्रिंटर झाकून ठेवलेले मी पाहिले आहेत. यंत्रं पुरेशी आहेत. त्यांच्याशेजारी उभा राहून "हा फिट सैल आहे, परत वळ" म्हणणारा माणूस कमी पडतो.

टेबलाचं ठरायला तुमच्या दोन-तीन बैठका लागतील, ते समजू शकतो. तोवर एक करता येईल. जुन्या पॅनलमधले नॉब, रोटरी स्विच, खटके स्क्रॅपला जातात. ते एका खोक्यात बाजूला काढून ठेवायला स्टोअरला सांगा. आमची मुलं जोर मोजणारा लोड सेल लावून प्रत्येकाचा कोन आणि टॉर्कचा आलेख काढतील आणि तेच आकडे आमच्या नॉबमध्ये भरून बघतील, म्हणजे मूळ स्विच आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी ठेवून डोळे मिटून ओळखता येते का हे तुमच्याच फिटरकडून तपासता येईल. जे आलेख तुम्हाला बाहेर नको असतील ते तुमच्याकडेच राहतील. खोका भरला की असोसिएशनच्या कार्यालयात ठेवा आणि सूचनाफलकावर एक ओळ लिहा. तिथून उचलून न्यायची जबाबदारी माझी.

आपला,
सातपूर परिसरातला एक इंटरॅक्शन डिझायनर